केमिस्ट्री सोडण्याआधी तो ग्राफ बघा

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: "पहिल्या वर्षानंतर मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलता येतं असं लिहून तुम्ही पोरांना फितवताय. आमच्या खेडच्या पोराने केमिस्ट्री केली तर लोट्याची केमिकल एमआयडीसी दारात आहे. आणि तालुक्याच्या कॉलेजात बदलायला विषय आहेत कुठे?"

दुसरा मुद्दा बिनतोड. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरनंतर मेजर बदलायची मुभा आहे. रिकाम्या जागा भरता येतात, वर 10 टक्के जागा वाढवता येतात; प्राधान्य सीजीपीए (सरासरी ग्रेड) चांगला आणि केटी (नापास राहिलेला पेपर) नसलेल्यांना. पण बीएस्सीला दोनच विभाग असतील तर ही मुभा कागदावरच. मग चिपळूण, नाहीतर रत्नागिरी. दोन्हीकडे मुंबई विद्यापीठच असल्याने मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा दाखला) लागत नाही. कोल्हापूर किंवा गोव्याला जायचं तर लागतं. सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचवणारी एसटी आहे का, हे मात्र फॉर्म भरण्याआधी बघायचं.

लोट्याचं अर्धंच पटतं. क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबला केमिस्ट्रीवाले लागतात, खरं आहे. पण तीन केट्या घेऊन सहाव्या सेमिस्टरला अडकलेल्याला गेटवर कोण विचारतो? म्हणून पोरगं नेमकं कशात अडकलंय ते आधी शोधा. बऱ्याचदा केमिस्ट्रीतलं ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक निघतं आणि फिजिकल राहतं. मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रॉलिसिसचं प्रॅक्टिकल घ्या. ठरावीक वेळाने 5 मिली मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं, म्हणजे किती ॲसिड झालंय ते मोजायचं. बर्फ विसरला की फ्लास्कमध्ये रिॲक्शन चालूच राहते आणि रीडिंग फुगतं. पुढची चूक वहीत होते: रिॲक्शन पूर्ण झाल्यावरच्या रीडिंगमधून त्या त्या वेळचं रीडिंग वजा करून मग लॉग घ्यायचा असतो, पोरं थेट रीडिंगचाच घेतात. रेघ वाकडी येते नि विषयच अवघड ठरतो. सरळ रेघ आली की तिचा उतार (उणे चिन्ह सोडून) गुणिले 2.303, झाला रेट कॉन्स्टंट, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचा आकडा. असं असेल तर दुखणं गणिताचं आहे, महिनाभर लॉग टेबल नि ग्राफ पेपर घेऊन बसलं तर सुटतं. त्यासाठी फिजिक्सला पळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मार्क बरे असूनही लॅबमध्ये पाऊल टाकवत नसेल, तर खुशाल बदला, पण एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) प्रवेशाआधी. पहिल्या वर्षाच्या 44 क्रेडिटमध्ये मेजरची साधारण 12. बाकीची बहुतेक तशीच राहतात. नव्या विषयाचे एफवायचे (पहिल्या वर्षाचे) पेपर मात्र एसवायबरोबर काढावे लागतात, आणि तिथेच वेळापत्रक आपटतं, कारण एफवाय नि एसवायचं प्रॅक्टिकल एकाच दुपारी येतं. जुनी केमिस्ट्री मायनरमध्ये (दुय्यम विषयात) धरणार का, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तोंडी "होईल हो"वर विसंबू नका.

टीवायला (तिसऱ्या वर्षी) बदलाचा विचारही नको. एमएस्सीला पदवीचा मेजर बघतात, बीएडची अध्यापन पद्धतही त्यावरच ठरते. आणि कंटाळून पुन्हा एफवायला बसायचं ठरवलंत, तर महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपचा) अर्ज अडकू शकतो, कारण त्याच पातळीचा दुसरा कोर्स स्कॉलरशिपला चालेलच असं नाही. फी भरण्याआधी स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचारा, पावती फाडल्यावर नको.