दुसऱ्या दिवशीची लोकल

दर ११ जुलैला आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच इमेज येते, ट्रेनच्या दारात लटकलेली माणसं आणि खाली 'बॉम्बने थांबली नाही ती मुंबई'. यंदा चुलतभावाने वर मलाही टोमणा मारला, "तुम्ही लंडनवाले काउन्सेलिंग घेत बसा, आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडली होती." आता दादा, आम्ही म्हणजे कोण? २००६ ला तू बंगलोरला होतास. आणि पकडली ती काय हौसेने पकडली का, खाडा लागतो, पगार कापतात म्हणून पकडली.

११ जुलै २००६ च्या त्या संध्याकाळी ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे वेस्टर्नच्या लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, १८० हून जास्त माणसं गेली. बाबा मागच्या गाडीत होते. फोन लागत नव्हते. रात्री साडेअकराला आले, बुटांत खडी, पाय धुतले, वरणभात खाल्ला, "उद्या डबा लवकर दे" म्हणाले आणि झोपले. झालं, स्पिरिट. पण पुढच्या महिन्यात त्यांनी फर्स्ट क्लासचा पास बंद केला, परवडत नाही म्हणाले, आणि त्याच वर्षी त्यांचं प्रमोशन झालेलं. बॉम्ब रॅकवरच्या बॅगांमध्ये होते असं पेपरात आलं होतं, तेव्हापासून बाबांनी रॅकवर बॅग टाकली नाही, चर्चगेट ते बोरिवली उभं राहावं लागलं तरी पोटाशी धरून. विचारलं तर "चोऱ्या वाढल्यात रे."

इथे लंडनला २००५ च्या ७ जुलैला तीन ट्यूब, म्हणजे भुयारी गाड्या, आणि टॅव्हिस्टॉक स्क्वेअरची बस यांत बॉम्ब फुटून ५२ माणसं गेली. लोक इथलेही कामावर गेले, ब्लिट्झच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बच्या, गोष्टी सांगून छाती फुगवणारेही भरपूर होते, तेव्हा स्पिरिट हे काही आपलं एकट्याचं पेटंट नाही. पण दोनेक आठवड्यांत लंडनच्या लोकांना फोन करून विचारलं तेव्हा ३१ टक्के लोकांनी बराच ताण असल्याचं सांगितलं, मुसलमानांमध्ये त्याहून कितीतरी जास्त. ७ महिन्यांनी तोच आकडा ११ वर आला. म्हणजे बरेचसे आपोआप सावरतात, एवढं दादाचं बरोबर. आणि जे प्रत्यक्ष स्फोटात सापडले ते स्वतःहून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन बोलतील याची वाट बघत न बसता एनएचएसने, इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, त्यांना शोधून विचारलं, झोप लागते का, ती जागा टाळता का. मँचेस्टर अरीनातल्या बॉम्बस्फोटाच्या वेळीही, २०१७ ला, तसंच केलं. बाबांना असं कोणी विचारलं असतं तर ते चोऱ्यांचंच बोलले असते म्हणा, पण विचारलं तर असतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, लिंकसकट, फार शहाणपणा केला. दादाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे आठवड्यात कळलं कोणी केलं. इथे १९ वर्षांनी, २०२५ ला, हायकोर्टाने शिक्षा झालेल्या बाराच्या बारा जणांना सोडलं. मग राग कोणावर काढायचा, फॉर्म भरून जाणार आहे का तो?" यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आणि ग्रुपवर जे लिहिलं नाही ते असं की २००५ च्या त्याच जुलैत लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनवर पोलिसांनी ब्राझिलच्या एका इलेक्ट्रिशियनला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या, कामावर निघालेला साधा माणूस. मी इथे २००९ ला आलो, ऑफिसात हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं, तेव्हापासून पाठीवर रकसॅक असली की ऑफिसच्या ओळखपत्राची लॅनयार्ड कोटाच्या बाहेर काढून ठेवतो, सगळ्यांना दिसेल असं. गाडीत 'सी इट, से इट, सॉर्टेड' ही संशयास्पद काही दिसलं तर कळवा सांगणारी घोषणा वाजली की हात आपोआप त्यावर जातो. बरं, एकदा समोर दाढीवाला पोरगा, मांडीवर मोठी बॅग, ओठ हलतायत, मी ग्रीन पार्कला उतरून शेजारच्या डब्यात गेलो. परीक्षेचं पाठ करत असेल बिचारा. त्याने मला उतरताना बघितलं, आणि तो काय समजला ते मला बरोबर कळलं कारण माझ्या शेजारूनही लोक तसेच उठलेत. एनएचएसचं पत्र मला येणार नाही, मुंबईच्या पोस्टमध्ये मी 'आम्ही' नाही, कुठल्याच यादीत नाव नाही आणि अक्कल मात्र दोन्हीकडे शिकवतो.

बाबा २०१८ ला आले होते. हीथ्रोवरून पिकॅडिली लाइन पकडली, बसल्या बसल्या त्यांनी आधी वर बघितलं. "इथे रॅक नाहीत रे."

"नाहीत."

"बरंय," म्हणाले आणि बॅग चक्क पायाशी ठेवली. हॅमरस्मिथला गर्दी चढली तशी उचलून परत मांडीवर घेतली, दोन्ही हात वर. माझ्याकडे बघत होते.

"घ्या," मी म्हटलं, "चोऱ्या होतात इथेही."