अंगदुखीच्या गोळीमागचे दुखणे

"अंग ठणकतं, जीव घाबरा होतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही." दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांच्या तोंडून ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. 'मी उदास आहे' असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. शरीराचे दुखणे असेल तर एखाद्या दिवसाचा खाडा घरात निभावून जातो. मनाचे दुखणे हे मात्र कामचुकारपणाचे निमित्त ठरते. मग गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लागते, चार दिवस बरे वाटते आणि मूळचा आजार जिथल्या तिथे राहतो.

गरिबीमुळे नैराश्य येते असे आपण सहज म्हणून जातो, परंतु केवळ पैसा कमी असणे एवढेच त्यामागे नसते. उद्या सकाळी मुकादमाची पिकअप येईल की नाही, अवकाळीने बाग झोडपली तर विरळणीचे काम मिळेल की नाही, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता चुकला तर तो भरावा लागणाऱ्या शेजारणींना तोंड कसे दाखवायचे, ही टांगती चिंता माणसाला आतून पोखरते. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका आढावा लेखाने गरिबी नैराश्याला आणि नैराश्य गरिबीला जन्म देते, असे दोन्ही बाजूंनी दाखवले आहे. आपल्याकडे त्याचा पुरावा ठेक्याच्या कामात दिसतो: हात मंदावलेली बाई टोळीला जड होते आणि पुढच्या वेळी तिला निरोपच येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे. पण एका खोलीच्या घरात, नवऱ्याच्या मोबाईलवरून, सासूच्या देखत ती काय बोलणार? नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणजे पुन्हा पुन्हा फेऱ्या आल्या आणि प्रत्येक फेरीला बसभाड्याबरोबर एक रोज बुडणेही आले. चिठ्ठीवर लिहिलेले औषध अर्ध्यावर सुटते ते बहुतेकदा इथे, अडाणीपणामुळे नव्हे.

'लाडकी बहीण'च्या दीड हजारांची मी सुरुवातीला थट्टा केली होती, हे कबूल करतो. नंतर एका ओळखीच्या बाईने सांगितले की गोळी आणायला पहिल्यांदाच कोणापुढे हात पसरावा लागला नाही, तेव्हा मी गप्प झालो. तरीही ते पैसे हप्त्यातच जाणार असतील तर एकट्या पैशाने भागणार नाही, ऐकून घेणारे माणूसही हवे.

ते माणूस तज्ज्ञच असले पाहिजे असे नाही. गोव्यात प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रात किंवा घरी जाऊन सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना आधार दिला आणि त्याचा उपयोग झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. (आपल्याकडे हे काम आशाताईंच्या गळ्यात पडेल आणि वेगळे मानधन मिळणार नाही, ही भीती मला आहेच.) माझी सूचना छोटी आहे: असा समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडे बाजाराच्या दिवशी बसवावा. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी मजुरांना सुट्टी असते, आठवड्याची मजुरी हातात आलेली असते आणि घरून निघताना 'बाजाराला चालले' एवढे सांगितले तरी पुरते.