पंचवीस अंश मानून

मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी दोन वाजता कूलरसमोरून उठू नये, एवढं शहाणपण माझ्याकडे आहे. तरी उठलो, कारण बारावीतल्या लेकीनं विचारलं, "बाबा, तुमचं बी.एस्सी. केमिस्ट्रीतच झालं ना?" ही पदवी मी आजवर फक्त लग्नपत्रिकेत वापरली होती.

पहिलं गणित: हायड्रोक्लोरिक आम्ल, दहाचा उणे आठवा घात मोलर, म्हणजे फारच पातळ; त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, काढा. मी तोंडीच सांगून टाकलं, "आठ."

"आठ म्हणजे सातच्या वर, म्हणजे बेसिक, ॲसिडच्या उलट. पाण्यात ॲसिड टाकून ते बेसिक कसं होईल, बाबा?"

पीएच ज्यांच्यावर ठरतो, ते पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन मी विसरलोच होतो. तेही दहाचा उणे सातवा घात, म्हणजे ॲसिडच्या दहापट! वर्गसमीकरण मांडून घाम पुसेपर्यंत उत्तर आलं, ६.९८.

दुसरं ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाचं. हे सौम्य, शंभरातला जेमतेम सव्वा रेणू फुटून हायड्रोजन आयन देतो. आमच्या लेआउटच्या मीटिंगची हजेरी अशीच असते: एक सेक्रेटरी आणि अर्धवट झोपेतला मी.

"०.१ वजा एक्स. एक्स म्हणजे फुटलेला भाग, तो लहान आहे, सोडून दे," मी म्हणालो.

बायको बँकेत कॅशवर आहे. आतून आवाज आला, "सोडून दे म्हणजे? आमच्याकडे दहा रुपये कमी भरले तर रात्री आठपर्यंत बसवतात!"

"पाच टक्क्यांच्या आत असला की चालतं गं."

"मग आमच्या मॅनेजरलाही शिकवा."

आम्लाचा स्थिरांक गुणिले ०.१, म्हणजे १.८ गुणिले दहाचा उणे सहावा घात, त्याचं वर्गमूळ १.३४ गुणिले दहाचा उणे तिसरा घात, मग लॉग. कूलरच्या वाऱ्यानं लॉग टेबलची पानं फडफडायची, म्हणून वर पन्ह्याचा ग्लास ठेवला होता. नेमकी १३ ची ओळ ग्लासाच्या ओल्या वर्तुळात भिजली. डोळे बारीक करून ४ च्या खाली १२७१ वाचलं. पीएच २.८७.

आई पलंगावरून म्हणाली, "काहून एवढं मोजून राहिला बापा? आंबट हाय का नाही, जरासं चाखून पाह्य ना!"

तेवढ्यात लेकीनं गणिताच्या शेवटचा कंस वाचला: २५ अंश सेल्सिअसला. बाहेर ४५ होतं. ही पीएचची मोजपट्टी सोरेन्सननं १९०९ साली कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत काढली. थंड गाव, घरची बिअर. त्याला एकदा मेमध्ये सीताबर्डीला आणून उभं करायला हवं होतं.

"४५ ला पाणी जास्त फुटतं," मी जरा ऐटीत सांगितलं. "शुद्ध पाण्याचा पीएच सात राहत नाही, ६.७ च्या आसपास येतो."

"म्हणजे आपल्या माठातलं पाणी ॲसिडिक?"

"नाही गं. हायड्रॉक्साइडही तेवढेच वाढतात, पाणी न्यूट्रलच राहतं." शिवाय माठातलं पाणी ना शुद्ध, ना ४५ अंशांचं, पण तो विषय मी काढला नाही.

ती विचारात पडली. "मग मघाचं ६.९८ इथे चुकलंच की!"

मी काही बोललो नाही. तिनं वहीत उत्तराच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'तापमान २५ अंश मानून', आणि वही मिटत म्हणाली, "बाबा, कूलरमधलं पाणी संपलंय."