रेडिओ बिघडलेला नाही, विकला गेलाय

सगळ्यात आधी, गाडी मेकॅनिककडे नेऊ नका. रेडिओ ठणठणीत आहे. चार नंबरचं बटण दाबलं की रोज सकाळी जिथे दोघंतिघं एकमेकांची टिंगल करत, मधेच ट्रॅफिक सांगत बसलेली असायची, तिथे आज एक बाई विलक्षण शांत आवाजात सांगतेय की तुम्ही एकटे नाही. तुम्ही न्यू जर्सी टर्नपाइकवर, पुढे ट्रक, मागे ट्रक, अशा अवस्थेत अर्धा तास उभे आहात. एकटे नाही हे तुम्हाला दिसतंच आहे. पुढे नक्की काय अडलंय, ते मात्र ती सांगणार नाही. तिला ते ठाऊक नाही. ती इथे नाहीच.

अशा वेळी घाबरून बटणं दाबत सुटू नये. तुमचं स्टेशन कुण्या धार्मिक प्रसारण संस्थेनं विकत घेतलंय, एवढंच. अमेरिकेत राहायचं तर हा प्रसंग आज ना उद्या येतोच. आपल्या लोकांना तर ग्रीन कार्डाच्या आधी येतो. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मला तो ३१ मे २०१९ च्या संध्याकाळी सात वाजता आला. न्यूयॉर्कचं ९५.५, म्हणजे डब्ल्यूपीएलजे, त्या वेळी थांबलं आणि तिथून के-लव्ह, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचं देशभरातलं जाळं, सुरू झालं. त्या अनुभवाच्या जोरावर चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पहिलं काम दोषी शोधण्याचं. थेट देवाला धरा. सोयीचं पडतं, तो नोटीस पाठवत नाही. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच रात्री एकानं लिहिलं, ‘हे लोक आता सगळं काबीज करणार.’ खाली अठरा अंगठे. याच ग्रुपवर रोज सकाळी सहाला गणपतीचा फोटो आणि सुविचार येतो. पण ते काही धार्मिक प्रसारण नव्हे, ते आपलं सुप्रभात.

हिशेबाच्या वह्या मात्र उघडू नका, रागाची चव जाते. मी उघडल्या आणि पस्तावलो. ही बाई, म्हणजे आमची डब्ल्यूपीएलजे, पूर्वी डिस्नेच्या एबीसी रेडिओच्या घरात नांदत होती. २००७ साली ते अख्खं घरच सिटाडेल या रेडिओ कंपनीकडे गेलं. सिटाडेलनं २००९ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ मध्ये सिटाडेलला क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीनं घेतलं, अर्थातच डोईजड कर्ज काढून, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात क्युम्युलसही त्याच वाटेनं गेलं. दोन सासरी दोनदा दिवाळं. मग घरातलं सोनं मोडावं तशी क्युम्युलसनं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा वगैरे ठिकाणची सहा स्टेशनं १० कोटी ३५ लाख डॉलरला मोडली. रोख मोजणारं गिऱ्हाईक होतं एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, के-लव्हची पालकसंस्था. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात सुरू झालेली, ना-नफा तत्त्वावरची. (नावात एज्युकेशनल आहे म्हणून पोरांच्या एसएटी परीक्षेच्या तयारीला लावून ठेवू नका.)

आणखी मागे गेलात तर १९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट लागतो. देशभरात एका मालकाकडे किती रेडिओ स्टेशनं असावीत, ही मर्यादाच त्यानं उठवली. मग जो तो कर्ज काढून शेकड्यांनी स्टेशनं घेत सुटला. त्या कायद्यावर क्लिंटनसाहेबांची सही आहे. देवाची नाही, सैतानाचीही नाही. म्हणून म्हणतो, वह्या उघडू नका.

निरोपाचा कार्यक्रम मात्र झोकात करायला हवा. तुमचं स्टेशन रॉकवालं असेल तर सोन्याहून पिवळं. शिकागोचं ‘द लूप’ २०१८ च्या मार्चमध्ये के-लव्हच्याच संस्थेनं २ कोटी १५ लाख डॉलरला घेतलं. हे साधंसुधं स्टेशन नव्हतं. १२ जुलै १९७९ ला यांच्या स्टीव्ह डाल नावाच्या निवेदकानं कोमिस्की पार्कात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात पेटीभर डिस्को रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या होत्या. स्टेशन ९७.९ वर लागायचं, म्हणून डिस्कोची रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला तिकीट ९८ सेंट. पब्लिक मैदानात घुसलं, गवताची वाट लागली, दुसरा सामना यजमान संघाला, व्हाइट सॉक्सला, न खेळताच गमवावा लागला. अशा घराण्याचं स्टेशन जाताना भैरवी काय म्हणणार? ‘हायवे टू हेल’. आणि लगेच मध्यरात्रीपासून भक्तिसंगीत. २०२० च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या डब्ल्यूएएएफनं जाताना ‘ब्लॅक सॅबथ’ हे सैतानाचं गाणं लावलं. भाडेकरूनं घर सोडताना भिंतीवर काहीतरी खरडून जावं, तसं. घेणाऱ्यांनी वरून रंग मारला आणि आपलं पहिलं गाणं लावलं.

अशा वेळी आवर्जून रडावं. फक्त रडताना एक प्रश्न टाळावा. पंचवीस वर्षांत तुम्ही त्या स्टेशनला काय दिलं? माझ्याकडे त्यांचा एक टी-शर्ट आहे, तोही त्यांनीच फुकट दिलेला. जाहिरात लागली की मी बटण बदलायचो, म्हणजे ज्यावर ते जगायचे तेवढंच नेमकं ऐकायचो नाही. के-लव्हचे श्रोते दर महिन्याला आपल्या कार्डावरून पैसे कापू देतात. कुणी सक्ती केलेली नाही. आणि आपण? गणपतीच्या वर्गणीला पंचवीस डॉलर म्हटले की ‘यंदा जरा टाइट आहे’ म्हणून पार्किंग लॉटमधून मागच्या दारानं प्रसादाच्या रांगेत. त्या भाविकांनी थेंबे थेंबे तळं साचवलं आणि आपलं स्टेशन त्यात बुडालं, हे अन्यायाचं आहे की नाही, याचा विचार प्रसाद घेतल्यावर करावा.

आता अडीनडीचं बोलू. पूर्वी एफसीसीचा, म्हणजे रेडिओला परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाचा, नियम होता की ज्या गावाच्या नावानं परवाना, त्या गावात किंवा जवळपास स्टेशनचा मुख्य स्टुडिओ हवा. देशभर एकच कार्यक्रम पुरवणाऱ्या अव्यापारी संस्थांना यातून सूट मिळायचीच. २०१७ च्या ऑक्टोबरात नियमच गेला. आता स्थानिक किंवा टोल-फ्री फोन नंबर असला की पुरे. गावात उरतो टॉवर, ट्रान्समीटरची खोली, तिच्याभोवती जाळीचं कुंपण आणि कुलूप. कार्यक्रम उपग्रहावरून येतो. ‘आमच्या गावचा आवाज गेला’ असा टाहो फोडायचा असेल तर खुशाल फोडा. फक्त तो आवाज गावात शेवटचा कधी होता, ते विचारू नका. व्यापारी कंपन्यांनीही चार गावांचे सकाळचे कार्यक्रम एकाच माणसाकडून एकाच दुपारी रेकॉर्ड करून घ्यायला कधीच सुरुवात केली होती. भक्तांनी निदान ‘आज आपल्या गावात काय मस्त ऊन पडलंय’ अशी थाप तरी मारली नाही.

मला आठवतं ते २०१२ चं सँडी वादळ. सहा दिवस वीज नव्हती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गव्हर्नर ख्रिस्टींनी बारा काउंट्यांत पेट्रोलला सम-विषम लावलं, त्यात आमची मिडलसेक्स. मी ड्राइव्हवेवर गाडीत बसून, बॅटरी उतरेल या भीतीनं दहा दहा मिनिटं रेडिओ लावायचो. एका स्थानिक स्टेशनवर घसा बसलेला एक माणूस लोकांचे फोन घेत होता. अमुक पंपाला जनरेटर आहे. तमुक ठिकाणी रांग कोपऱ्यावरून वळलीय, पण सरकतेय. तिसऱ्या ठिकाणी फक्त कॅश, आणि हो, तिथल्या माणसाशी नीट बोला, तो काल सकाळपासून उभा आहे. माझ्या नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सात. त्या घोगऱ्या आवाजाच्या भरवशावर मी विषम तारखेला पहाटे साडेचारला निघालो आणि टाकी भरून आलो.

आता तसं वादळ आलं तर टोल-फ्री नंबर फिरवा. पलीकडचं माणूस तुमच्यासाठी प्रार्थना करेल, आणि मनापासून करेल, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पंपाचं तेवढं विचारू नका.

फारच उदास वाटलं तर हॅरॉल्ड कॅम्पिंग आठवा. फॅमिली रेडिओ या धार्मिक जाळ्याचे ते सर्वेसर्वा. २१ मे २०११ ला प्रलयपर्व सुरू होणार, असं त्यांनी जगाला कळवलं, जागोजागी फलक लावले. २२ मे उजाडली. नंतर आर्थिक ओढाताण आली, आणि नेवार्कचं ९४.७ हे फॅमिली रेडिओचं मोक्याचं स्टेशन ४ कोटी डॉलरला विकलं गेलं. २०१३ च्या जानेवारीत तिथे भजनं बंद होऊन कंट्री म्युझिक सुरू झालं. घेणारे कोण? क्युम्युलस. तेच, ज्यांनी सहा वर्षांनी ९५.५ भक्तांना विकलं. या धंद्यात पुनर्जन्म आहे; फक्त तो कर्माप्रमाणे नाही, कर्जाप्रमाणे मिळतो.

९५.५ विकलं गेलं त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. तिला पटेल ब्रदर्सला किराण्यासाठी नेताना हात सवयीनं चार नंबरवर गेला. ती बराच वेळ ऐकत होती. म्हणाली, “चांगलं म्हणतायत रे. भजनच आहे ना?” म्हटलं, “हो.” परतताना पुन्हा तेच चालू. “अजून भजनच? मग बातम्या कधी लागतात?” तिचं बरोबर होतं. आमच्याकडे आकाशवाणीवर सकाळची ती धून झाली की भक्तिगीतं लागायची, मग सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या बातम्या, आणि दिवसभरात कधीतरी बाजारभाव, शेतकऱ्यांसाठी चार शब्द. विठोबाला त्याचा वेळ, कांद्याला कांद्याचा. विठोबानं कधी कांद्याची वेळ मागितल्याचं ऐकिवात नाही.

तेवढ्यात तास भरला. दर तासाला एकदा आपली अक्षरं आणि गाव सांगायचं, हा नियम मात्र एफसीसीनं अजून ठेवलाय, आणि नव्या मालकांनी जुनी अक्षरं बदललेली नाहीत. दोन गाण्यांच्या फटीत घाईघाईनं आवाज आला, “डब्ल्यूपीएलजे, न्यूयॉर्क.”

“हे मधेच काय म्हणाला?”

“स्टेशनचं नाव. मालक बदलले, नाव जुनंच आहे.”

“बरं केलं बाईनं,” आई म्हणाली. “इतकी सासरं झाली तरी माहेरचं नाव सोडलं नाही.”

ती अक्षरं १९७१ साली एका गाण्यावरून घेतली होती. डब्ल्यू म्हणजे व्हाइट, पी म्हणजे पोर्ट, एल-जे म्हणजे लेमन ज्यूस. पांढऱ्या पोर्ट वाइनमध्ये लिंबू पिळून प्यायचं एक पेय. आता दिवसातून चोवीस वेळा, भजनांच्या मधोमध, कायद्यानं त्याचं नाव घ्यावं लागतं. मी आईला ते सांगितलं नाही. आवाज जरा वाढवला.