उरलेल्या छत्तीस काड्या

दशक-एकक म्हणजे किरकोळ काम असं ज्याला वाटतं, त्याने पहिली-दुसरीतल्या पोराची एक परीक्षा घ्यावी. 47 काड्या मोजून पुढ्यात ठेवायच्या आणि कागदावर 47 लिहायचं. 7 वर बोट ठेवून म्हणायचं, "एवढ्या काड्या दाखव." पोर सात काड्या बाजूला काढतं. मग 4 वर बोट. पोर चार काड्या काढतं आणि शाबासकीची वाट बघतं. आणि मधे पडलेल्या या 36 काड्या? "त्या उरल्या." हे इतक्या शांतपणे सांगितलं जातं, की क्षणभर आपल्यालाच वाटतं, उरतही असतील बुवा.

हेच पोर वहीत '47 = __ दशक __ एकक' या रिकाम्या जागा धडाधड भरतं. म्हणूनच बरोबरच्या खुणांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

यावर उपाय गठ्ठ्यांचा. 10 काड्या मोजल्या, रबरबँड लावला, झालं एक दशक. पण गठ्ठे पोरानेच बांधायला हवेत. आपण आदल्या रात्री हौसेने बांधून ठेवलेला गठ्ठा त्याच्या लेखी फक्त एक जाड काडी असते. त्याने बांधलेल्यात एखादा 9 चा, एखादा 11 चा निघणारच. निघू दे, सोडून पुन्हा मोजता येतो. नोटा-नाण्यांची घाई मात्र नको. गठ्ठा सोडला की आतल्या दहा काड्या दिसतात. दहाची नोट कितीही उलटीपालटी केली तरी आत नाणी दिसत नाहीत.

आपली भाषाही पोराच्या बाजूने नाही. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून ते इमानदारीत आधी 7 लिहितं, मग 2. एकोणतीस नाव लावतं तिसाचं आणि राहतं विसाच्या घरात. 'चाळीस आणि सात' म्हणावं तर 407. त्यासाठी 40 चं लांब कार्ड करावं आणि 7 चं आखूड कार्ड त्याच्या शून्यावर ठेवावं. मग वरचं कार्ड उचलून खालचं शून्य दाखवायचं, कंटाळा येईपर्यंत. आपल्याला, पोराला नव्हे.

आता 34 + 20. कुणी बोटांवर एकेक मोजत निघतं, सुरुवात 34 पासूनच करतं आणि 53 वर पोचतं. कुणी 2 एककांत टाकून 36 म्हणतं. तिसरं उत्तर मात्र मोठ्यांची कमाई: "शून्य झाक, बेरीज कर, मग शून्य लाव." 30 + 20 ला हा मंत्र चालतो. 34 + 20 ला पोर 34 त 2 मिळवतं, पुढे शून्य लावतं आणि 360 घेऊन हजर होतं. सांगितलं तेच केलंय, रागवायचं कुणावर?

उभी मांडणी इथे लांबच ठेवावी. 3 गठ्ठे, 4 सुट्ट्या. आणखी एक गठ्ठा, 44. आणखी एक, 54. प्रत्येक वेळी विचारायचं, "काय बदललं नाही?" मग 1 ते 100 चा तक्ता: दहा मिळवले की एक ओळ खाली, वजा केले की एक ओळ वर. "वाढलं तर खाली कसं?" ही शंका येतेच, आणि ती अगदी रास्त आहे. तक्ता खालून वर लिहिला तरी गणिताचं काही अडत नाही.

97 + 10 ला 9 च्या जागी 10 लिहून, शेजारी 7 ठेवून पोर 107 काढतं. बरोबर! काहीही न समजता. त्याचं बिंग 103 – 10 ला फुटतं: "शून्यातून एक जात नाही." खरंच आहे, दशकाच्या घरात सुटा गठ्ठा एकही नाही. मग शंभराचा मोठा गठ्ठा सोडायचा, आतून 10 दशकं काढायची, एक बाजूला करायचं. राहिली 9 दशकं, 3 सुट्ट्या. मोठ्या गठ्ठ्याला दोन रबरबँड लावा आणि आतली दशकं बांधलेलीच असू द्या, नाहीतर 93 हे उत्तर पलंगाखालून गोळा करावं लागतं.