‘पाच वर्षांत ऑफिसं बंद होणार’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्याही आला. म्हणणं असं की पाच वर्षांत ऑफिसं संपणार, कोविडने ते सिद्धच केलंय, घरून काम जास्त होतं हे रिसर्च सांगतो, लोकल रिकाम्या होतील, बायकांची धावपळ थांबेल आणि आपण सगळे गावाला बसून मुंबईचा पगार घेऊ. लोक हे खरं धरून गावाला घर बांधायला कर्ज काढायच्या गोष्टी करायला लागलेत, म्हणून लिहितेय.

कोविडने सिद्ध केलं म्हणे. अहो, मार्च २०२० मध्ये लोकलच बंद झाल्या, तेव्हा दुसरा पर्याय होता कुठे? टीसीएसने त्याच वर्षी सांगितलेलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील, आणि त्याच टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना पाचही दिवस बोलावलं. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केलं. ज्या झूमवर आपण दिवसभर मीटिंगा केल्या त्या कंपनीनेसुद्धा २०२३ मध्ये ऑफिसजवळ राहणाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलं. टेक्नॉलॉजी सगळ्यांकडे होती, तरी बोलावलं, कारण हे मॅनेजमेंट ठरवतं, लॅपटॉप नाही.

आता रिसर्च. ज्याचा दाखला नेहमी देतात तो प्रयोग शांघायच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमधला, २०१५ मध्ये छापून आलेला, घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हे खरंय. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्यात भाग घ्यायला घरात स्वतंत्र खोली असणं ही अटच होती! आणि नंतर परत निवड करायला दिली तर घरून करणाऱ्यांपैकी बरेच जण ऑफिसला परत गेले, एकटं वाटतं हे मोठं कारण, शिवाय तेवढंच काम करूनही त्यांना प्रमोशन कमी मिळत होतं.

आता ही स्वतंत्र खोली मुंबईत आणायची कुठून? लालबागच्या चाळीतली एक खोली घ्या नाहीतर नालासोपाऱ्याचा वन आरके, त्यात सासूसासरे, मुलांचा अभ्यास, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, आणि सून कॉलवर. त्यात ती ‘घरीच आहे’ म्हटल्यावर गॅसवाला आला की दार तिनेच उघडायचं, चहा तिनेच ठेवायचा, सिंकमधली भांडीपण तिचीच. मी स्वतः बेडरूमच्या दाराला पाठ लावून क्लायंटशी बोललेय, आणि माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी ऑफिस सुरू झालं तेव्हा मनापासून खूश होत्या, गर्दीचा त्रास माहीत असूनही, कारण तिथे निदान एक खुर्ची आपली असते आणि हाक मारली तर ती कामासाठीच असते. धावपळ थांबेल म्हणणाऱ्यांनी आधी घरातली कामं वाटून घ्यावीत, मग बोलू.

लोकल रिकाम्या होतील हे तर ऐकवतच नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली, कोविडनंतर इतक्या वर्षांनी. सकाळच्या गाडीत सगळे लॅपटॉपवालेच असतात का? केईएमची नर्स असते, बँकेचा कॅशियर, मॉलमधली सेल्सगर्ल, सिक्युरिटीवाला, बीकेसीच्या हिरेबाजारातला माणूस. यांचं काम घरी कसं जाणार?

गावाला बसून मुंबईचा पगार हे थोड्यांना जमेल, जमतंय त्यांचं चांगलंच आहे. पण जे काम सावंतवाडीहून होतं ते आणखी स्वस्तात करणारा दुसरीकडे कुठेही मिळू शकतो, आणि हे कंपनीलाही कळतं.

म्हणून माझं म्हणणं, सगळं घरून या स्वप्नापेक्षा दोन दिवस घरून हे पक्कं मागा. त्याच चिनी कंपनीत नंतर १,६१२ जणांवर प्रयोग झाला, आठवड्यातले दोन दिवस घरून, २०२४ मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. कामात काही घट नाही आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. एचआरला दाखवायला हे पुरेसं आहे. बदलापूर-विरारहून येणाऱ्या माणसाचे त्यात आठवड्याचे सात-आठ तास वाचतात. फक्त तोंडी आश्वासनावर थांबू नका, दिवस कुठले ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, कारण मॅनेजर बदलला की तोंडी ठरलेलं सगळं जातं, आमच्याकडे तसंच झालं.