बागेच्या दुकानाने कधीतरी "आत्ता नेऊ नका" असंही सांगावं

ऋतू पालटायला लागला की लहान गावातल्या घर-बागेच्या दुकानाचा चेहरामोहराच बदलतो. कालपरवापर्यंत दारात असलेल्या बादल्या, झाडू, रंगाचे डबे आत जातात आणि फुललेल्या रोपांचे ट्रे पायरीवर येतात. खताच्या गोण्यांची थप्पी लागते, बियांच्या पाकिटांचा स्टँड दर्शनी भागात येतो, आणि एरवी खिळे-स्क्रू घेऊन दोन मिनिटांत निघणारी माणसं अर्धा अर्धा तास रेंगाळतात. मला हे दिवस फार आवडतात. म्हणूनच एक गोष्ट मोकळेपणाने लिहावीशी वाटते. अशा दुकानाने गिऱ्हाइकाला हंगामाबद्दल खरं सांगावं, त्या दिवशीची विक्री बुडाली तरी चालेल.

पायरीवरच्या शेवंतीचंच बघा. बुटकी, गोल, कळ्यांनी गच्च भरलेली. अशी शेवंती बहुतेक वेळा आपसूक फुललेली नसते, तिला फुलवलेलं असतं. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचा बहर ठरतो, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. तेव्हापासून हरितगृहांत काळं कापड ओढून रात्र मोठी करायची नाहीतर दिवे लावून ती मोडायची, आणि ठरलेल्या आठवड्यात माल फुलवायचा, ही रीतच झाली. वर रोप बुटकं राहावं म्हणून वाढ रोखणारं औषधही अनेकदा दिलेलं असतं. यात फसवणूक काही नाही, तो रीतसर धंदा आहे. पण घरी नेलेली शेवंती पुढच्या वर्षी उंच, विस्कटलेली वाढते आणि भलत्याच महिन्यात फुलते, तेव्हा माणूस स्वतःला दोष देतो. "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचा राग येतो. हाताचा काय दोष? हे रोप असं का दिसतंय आणि पुढे कसं दिसेल, एवढं दुकानात कोणी सांगितलं असतं तर ती व्यक्ती बागकाम सोडून बसली नसती.

मी रोप घेताना आधी कुंडी तिरकी करते. दोन बोटांमध्ये खोड धरायचं, कुंडी उलटी करून बुडाला हलकी थाप मारायची, की मातीचा गड्डा अख्खा बाहेर येतो. पांढरी, टोकदार मुळं मातीतून थोडी डोकावत असतील तर उत्तम. पण कधी माती दिसतच नाही, नुसती तपकिरी मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली असतात. असं रोप त्या कुंडीत फार दिवस अडकलंय. जमिनीत लावल्यावरही ती मुळं बऱ्याचदा तशीच गोल फिरत राहतात. झुडूप किंवा झाड असेल तर काही वर्षांनी हीच मुळं खोडाला आवळतात. गड्डा बोटांनी सोडवून किंवा बाजूने उभे छेद देऊन लावलं तर निभावतं. काही दुकानदार कुंडी उलटी करू देत नाहीत, "माती सांडते" म्हणतात. मला ते पटत नाही. चांगल्या दुकानदाराने स्वतःच कुंडी उलटून मुळं दाखवावीत. आणि समोर दोन रोपं असली, एक फुलांनी लगडलेलं आणि एक नुसत्या पानांचं पण फुटवे भरपूर असलेलं, तर दुसरं हातात द्यावं. फुललेल्या रोपाची ताकद फुलांत खर्च होत असते, नव्या जागी मुळं पसरायला उरते ती थोडीच.

बियांच्या स्टँडबद्दलही सांगायचंय. तो नेमका काचेच्या दाराजवळ, उन्हात ठेवतात, कारण पाकिटं रंगीत असतात आणि तिथे नजरेत भरतात. बियाण्याचं आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असतं, ओलावा आणि उष्णता. बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचा एक जुना ठोकताळा आहे: बियाण्यातला ओलावा 1 टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरवलं, की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. उलट दिशेने गेलात तर तितक्याच वेगाने घटतं. कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, वर्ष-दोन वर्षांत त्याची उगवण घसरते. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षंही टिकतं. म्हणजे गेल्या हंगामातली उरलेली पाकिटं सरसकट फेकायची गरज नाही आणि सरसकट विकायचीही नाही. कांद्याचं पाकीट काढून टाका, टोमॅटोचं राहू द्या, आणि स्टँड सावलीत हलवा. यात खर्च काय आहे?

कंदांची गोष्ट याहून सरळ आहे. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण 12 ते 16 आठवडे थंडी लागते. ज्या गावात तेवढी थंडी पडत नाही, तिथे आधी गारव्यात ठेवलेले कंदच विकावेत आणि ते बहुतेक एकदाच फुलतील हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. पाकिटावरचा फोटो बघून घेतलेला कंद नुसती पानं काढून मान टाकतो, तेव्हा दुकानावरचा विश्वास थोडा उडतोच.

हे सगळं मोठ्या साखळी दुकानाकडून मी मागणार नाही. तिथे माल कधी मांडायचा हे दूरवरच्या कार्यालयात ठरतं, आणि काउंटरवरच्या मुलाने जमिनीत कधी हात घातलेला असेलच असं नाही. लहान गावातला दुकानदार वेगळा. गल्लीतली माती चिकण आहे की मुरमाड, कोणत्या बाजूला पाणी साचतं, कडाक्याची थंडी किंवा पहिला जोरदार पाऊस साधारण कधी येतो, हे त्याला ठाऊक असतं. विकलेलं रोप जगलं की मेलं, हे त्याला येता-जाता कुंपणावरून दिसतं. गरम, बंदिस्त हरितगृहातून आलेल्या रोपाला आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं ऊन-वारं दाखवून मगच बाहेर लावा, हा सल्ला तोच देऊ शकतो, कारण उद्या वारं सुटणार की नाही हे तोही आभाळाकडे बघून ठरवत असतो. ज्ञान असून केवळ विक्रीसाठी गप्प बसणं मला खरंच खटकतं. "पंधरा दिवसांनी या, माती अजून गार आहे" असं सांगणाऱ्या दुकानात मी पंधरा दिवसांनी जातेच, आणि जाताना शेजारणीलाही घेऊन जाते.

हंगाम सरताना मागच्या भिंतीला लावलेला उरलेल्या रोपांचा रॅक असतो ना, त्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. तिथली निम्मी रोपं घेण्यासारखी असतात. नखाने खोडाची साल किंचित खरवडावी, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. बारमाही झुडपं वरून वाळलेली दिसली तरी छाटून लावली की पुढच्या मोसमात जोमाने फुटू शकतात. एकाच हंगामाचं आयुष्य असलेली रोपं मात्र तिथून घेण्यात अर्थ नसतो. आता त्या रॅकवर दोन्ही प्रकार सरमिसळ ठेवलेले असतात, पाणीही कोणी घालत नाही, आणि नवखा माणूस नेमकं मरणारं रोप उचलतो. दुकानदारांनो, दोन फळ्या वेगळ्या करा, एकीवर खडूने "बारमाही" लिहा, दुसरीवर "हंगामी", आणि विकली जाईपर्यंत दोन्हींना पाणी घाला.